ऋतू बदलला की कुंडीतली पानं पिवळी पडतात? खताच्या डब्याला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. झाड दोन-तीन महिने झकास चाललेलं असतं, नवी पालवी येत असते. मग हवा पालटते आणि पंधरा-वीस दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागतात. हात लावला की गळून पडतात. खत घातलं, फरक नाही. औषध फवारलं, फरक नाही. कधी झाड आपलं आपण सावरतं, कधी जातं. आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा तेच रडगाणं.

हे ‘त्याच सुमाराला’ लक्षात ठेवा, निदानाला ते फार उपयोगी पडतं. कीड असेल तर ती आधी एका झाडावर दिसते, मग शेजारच्यावर सरकते. खताची कमतरता असेल तर ती हळूहळू चढत जाते, हवा बदलायची वाट बघत बसत नाही. पण एकाच पंधरवड्यात जास्वंद, मोगरा, लिंबू आणि टोमॅटो अशी एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेली झाडं मलूल व्हायला लागली, तर त्या सगळ्यांना सारखं काय मिळालं ते शोधायचं. बहुतेक वेळा ते पाणी निघतं. तेवढंच, त्याच वेळेला, मागच्या ऋतूत हाताला लागलेल्या सवयीने दिलेलं.

अशा झाडांपैकी बहुतेकांना खत नको असतं. त्यांची मुळं गुदमरलेली असतात, आणि त्यावर खत ओतलं की दुखणं वाढतं.

मुळाशी काय होतं

झाड किती पाणी पिणार हे बऱ्याच अंशी हवा ठरवते. कोरड्या, तापलेल्या हवेत पानांतून बाष्प भराभर निघून जातं आणि त्या ओढीने मुळं पाणी वर खेचतात. हवा दमट झाली, ऊन कमी झालं की ही ओढच उरत नाही. कडक उन्हात सकाळी भरलेली कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडीठाक होते. तीच कुंडी ढगाळ हवेत चार-पाच दिवस ओली राहते. आपली झारी मात्र रोज सकाळी ठरल्याप्रमाणे फिरतच असते.

मातीत पाणी राहिलं तर बिघडलं कुठे? तर, मुळांनाही प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा जवळजवळ बंद पडतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. प्राणवायू नाही म्हणजे मुळांना ऊर्जा नाही, आणि अन्नद्रव्यं ओढून घ्यायला ऊर्जा लागते. मातीत नत्र (नायट्रोजन) असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मग झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं आणि खालची पानं पिवळी होतात. दिसायला अगदी नत्राच्या कमतरतेसारखंच. इथेच भले भले फसतात आणि खताचा डबा उघडतात.

जमिनीतल्या झाडाला हा त्रास कमी होतो. जादा पाणी खाली झिरपून जातं आणि मुळ्यांना बाजूला सरकायला जागा असते. कुंडीचा तळ मात्र कायम सगळ्यात ओला असतो, भोक असलं तरीही. निथळणं थांबल्यावरसुद्धा तळाशी काही सेंटीमीटरचा थर पाण्याने गच्च राहतो, आणि त्या थराची जाडी कुंडीच्या उंचीवर ठरत नाही, मातीच्या पोतावर ठरते. ओला स्पंज आडवा ठेवला तर पाणी धरून बसतो आणि उभा केला की आणखी थोडं गळतं, तसाच हा प्रकार. म्हणून उथळ पसरट कुंडीत गच्च मातीचा वाटा मोठा असतो. आणि म्हणूनच तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरून निचरा सुधारत नाही. तो गच्च थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. खडीची ही पद्धत इतकी रुळलेली आहे की कोणाला सांगायला गेलं तर वाद होतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवा, तेवढं पुरे.

आधी पान नीट बघा

पिवळेपणाचेही प्रकार असतात. झाडासमोर दोन मिनिटं थांबून बघायचं ते एवढंच: पिवळं कुठून सुरू झालं आणि शिरांचा रंग काय आहे.

खालची जुनी पानं शिरांसकट सपाट पिवळी झाली असतील तर एक तर नत्र खरंच कमी आहे, नाही तर मुळं ते उचलत नाहीत. नुसत्या पानावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी कुंडीच बघावी लागते, ते पुढे सांगितलं आहे.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरांचं जाळं मात्र हिरवंगार, हे लोहाचं लक्षण. लोह जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देणं झाडाला फारसं जमत नाही, म्हणून फटका नव्या पालवीला बसतो. लिंबूवर्गीय झाडांवर हे फार दिसतं. पण याचा अर्थ मातीत लोह नाही असा नव्हे. जड, म्हणजे चुन्याचे क्षार असलेलं पाणी महिनोन्‌महिने घातलं की मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर जातो आणि असलेलं लोह मुळांना मिळेनासं होतं. माती सतत ओली किंवा थंड राहिली तरी हेच घडतं. चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, म्हणून मुळांना मिळत राहणारं) विकत घेणार असाल तर पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साधारण ६.५ च्या पुढे गेला की मातीत टिकत नाही. तिथे ईडीडीएचए प्रकारचं लागतं. ईडीटीए घरात असेलच तर ते मातीत घालण्यापेक्षा पानांवर हलकं फवारलेलं बरं.

जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या, हे मॅग्नेशियमचं लक्षण. हे खरोखर असेल तर एप्सम सॉल्ट उपयोगी पडतं, एक लिटर पाण्यात चमचाभर, पानांवर. पण हल्ली पान पिवळं दिसलं की जो तो एप्सम सॉल्ट सुचवतो, त्याचा मला कंटाळा आला आहे. गरज नसताना घातलेलं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं, आणि मग टोमॅटोची फळं बुडाशी काळी पडायला लागली की आणखी एक नवीन औषध शोधावं लागतं.

पानांची टोकं करपलेली आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा खरपुडा दिसला तर क्षार साठले आहेत. आणि फक्त उन्हाच्या बाजूची पानं पांढुरकी, कागदासारखी झाली असतील तर तो चटका आहे. २१ जून ते २२ डिसेंबर या काळात सूर्य उत्तरेकडून दक्षिणेकडे एकूण ४७ अंश सरकतो. कुंडी तिच्या जागेवर असते, पण तिच्यावर पडणारं ऊन तिथे राहत नाही. वर्षभर एकाच कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाला एक दिवस अचानक दुपारचं थेट ऊन लागायला लागतं आणि आपल्याला वाटतं की रोग आला.

मग कुंडी

वरची माती बोटाने चाचपून काही कळत नाही. ती दोन तासांत सुकते, आणि खाली काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. बांबूची बारीक काडी घ्या, खोडापासून लांब, कुंडीच्या कडेने तळापर्यंत सरकवा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. बाहेर काढल्यावर वरची चार बोटं कोरडी आणि खालचं टोक काळपट, ओलं, त्याला मातीचे कण चिकटलेले, असं दिसलं तर निदान जवळपास झालंच. ते टोक नाकाशी धरा. निरोगी माती पहिल्या पावसासारखी वासते. आंबूस, गटारासारखा वास आला तर तळाला हवा पोचत नाही.

आता कुंडी उचला. बऱ्याचदा उत्तर खाली फरशीवर असतं: कुंडीच्या बुडाच्या आकाराचं ओलं वर्तुळ, त्यात बारीक गाळाचा चिकट थर, आणि भोकाच्या तोंडाशी बाहेर डोकावून परत आत वळलेल्या मुळ्यांचा गुंता. सपाट बुडाची कुंडी गुळगुळीत फरशीवर बसली की भोक असून नसल्यासारखं होतं. फरशीचे तीन तुकडे खाली सरकवा, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर फट राहू द्या, भोकातला गाळ काडीने मोकळा करा. कित्येक कुंड्यांचं काम एवढ्यावर भागतं, आणि याला काही खर्चही नाही.

तरीही शंका असेल तर झाड बाहेर काढून बघा. खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरा, कुंडी उलटी करा, काठ एखाद्या कठड्यावर हलकेच आपटा. मातीचा गड्डा अखंड निघून येतो. झाडाला याचा काही त्रास होत नाही. पांढरी किंवा फिकट बदामी, टणक मुळी म्हणजे ठीक. तपकिरी, बुळबुळीत मुळी चिमटीत धरून ओढली आणि वरची साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा राहिला, तर मूळकूज आहे. बहुतेकदा पिथियम किंवा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्म जिवांचं हे काम असतं. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, म्हणून साचलेलं पाणी त्यांना फावतं.

आणखी एक ठळक खूण: माती ओली असतानाही झाड दुपारी मान टाकतं. हे बघून अजून पाणी घालायचा मोह होतो. घालू नका.

कोणता ऋतू गेला, कोणता आला

उन्हाळा संपून पाऊस लागतो तेव्हा सगळ्यात जास्त झाडं बिघडतात, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. ऊन पडलेलं असतं तोवर रोज, कधी दोनदा पाणी द्यायची सवय लागलेली असते. पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावरच्या कुंड्यांचं पाणी आपण थांबवतो, पण छपराखालच्या कुंड्यांचं चालूच ठेवतो. पाऊस त्यांच्यावर पडत नाही, पण दमट हवा त्यांनाही लागतेच. त्यांचं पिणंही निम्म्यावर येतं. छपराखालच्या कुंड्याच जास्त सडतात, ते यामुळे. कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाची चाहूल लागताच काढून टाका, डासांचाही प्रश्न मिटतो. मातीवर घातलेलं जाड आच्छादन बाजूला करा. उन्हाळ्यात ओल राखणारा पाचोळा आता नको ती ओल राखतो. मातीचा पृष्ठभाग कडक झाला असेल तर खुरप्याच्या टोकाने वरची दोन सेंटीमीटर माती मोकळी करा, त्याहून खोल नको.

उघड्यावरच्या कुंड्यांचा प्रश्न वेगळा आहे. संततधार पावसात नायट्रेट रूपातलं नत्र पाण्याबरोबर अक्षरशः धुऊन जातं. तेव्हा जोराच्या पावसाच्या महिन्या-दीड महिन्यानंतर खालची पानं पिवळी पडली, निचरा उत्तम आहे आणि मुळं पांढरी आहेत, तर तिथे मात्र खत द्यायलाच हवं. या पोस्टमधला हा मोठा अपवाद.

पाऊस सरून थंडी येते तेव्हा दिवस छान उन्हाचे असतात आणि त्यामुळेच चकवा बसतो. दुपारी ऊन बघून आपण पाणी घालतो, रात्री माती गार पडते. गार मातीत मुळं मंदावतात, जिवाणूंचं कामही मंदावतं. गांडूळखत आणि शेणखत जिवाणूंनी कुजवल्याशिवाय झाडाला मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात लागू पडणारी तीच ओंजळ थंडीत काही करत नाही. घातलेलं वाया जात नाही, पडून राहतं, इतकंच. टोमॅटोच्या रोपांच्या पानांखाली जांभळी झाक आली तर तोही गारठ्याचा परिणाम असतो. थंड मातीतून स्फुरद (फॉस्फरस) उचललं जात नाही. हवा तापली की आपोआप जाते. या दिवसांत पाणी सकाळी उशिरा द्या, काडी कोरडी निघेपर्यंत देऊच नका, आणि रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर जास्वंदीसारखी उष्ण हवेतली झाडं भिंतीच्या आडोशाला घ्या.

थंडी संपून ऊन चढतं तेव्हा गणित उलटं होतं. पाणी कमी पडतं, आणि पुरेसं घालूनही कमी पडतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट भोकाबाहेर येतं. आपल्याला वाटतं, खालून पाणी आलं म्हणजे माती भिजली. गड्डा आतून कोरडाच असतो. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर पाण्याने भरलेल्या टबात ती अर्धा तास बुडत ठेवा, वर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग निथळू द्या. गडद रंगाच्या प्लास्टिकच्या कुंड्यांचं आणखी एक आहे: थेट उन्हातली बाजू ४५ अंशांच्या वर सहज तापते आणि त्या बाजूची मुळं भाजतात. पांढरं कापड गुंडाळा किंवा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडेल.

मुळं कुजली असतील तर

बुळबुळीत मुळं स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापा. अर्धी मुळं गेली असतील तर वरचा पसाराही साधारण तेवढाच छाटा. एवढ्या पानांना पाणी पुरवायची ताकद आता खाली नाही. जुनी माती झटकून टाका, ती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी धुऊन घ्या आणि नवी माती भुसभुशीत ठेवा, पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाडसर वाळू मिसळून. बारीक वाळू नको, ती पोकळ्या बुजवते.

दया येऊन मोठी कुंडी देऊ नका. उरलेल्या मुळांना मावेल एवढीच द्या, हवं तर आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती आठवडाभर ओली राहते आणि कूज परत फिरते. ट्रायकोडर्मा घालायला हरकत नाही, पण ती राखणदार बुरशी आहे, कुजलेलं मूळ ती जिवंत करत नाही. लावल्यावर एकदा पाणी द्या, सावलीत ठेवा, नंतर काडी सांगेल तेव्हाच.

खत कधी

झाड नवी पानं काढायला लागलं की. त्याआधी नाही. सुरुवात पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने किंवा चतुर्थांशाने करा आणि माती आधी ओली असू द्या. पांढरा खरपुडा दिसत असेल तर खत राहू द्या, आधी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. अर्थात निचरा चांगला असेल तरच, आणि कडक उन्हाच्या दिवसांत, म्हणजे माती लवकर सुकेल.

पाण्याशी संबंध नसलेले काही पिवळे

पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके आणि मागे पुसट जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. पडलेले ठिपके चालायला लागले की खात्री पटते. ३० अंशांच्या आसपास याची एक पिढी जेमतेम आठवड्यात तयार होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा दर तीन दिवसांनी मारा. कडुनिंबाचं तेल फवारणार असाल तर ऊन उतरल्यावर.

गुलाबाच्या पानावर काळे डाग आणि भोवती पिवळं वलय, हा काळ्या ठिपक्यांचा रोग. पान सलग सात-एक तास ओलं राहिलं की याची बुरशी रुजते, तेव्हा संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं बंद करा आणि गळलेली पानं कुंडीत ठेवू नका.

चाफा किंवा अडेनियम थंडीत पानं झाडत असेल तर त्याला झाडू द्या. तो त्यांचा स्वभावच आहे. पाणी जवळजवळ बंद करा आणि खोड टणक आहे ना तेवढं बघा.

सुधारणा झाली हे कसं ओळखायचं

अख्खं पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसलात तर उगाच धीर सुटेल. उपाय केला त्या दिवशी सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला एक सैल दोरा बांधा. त्या दोऱ्याच्या वर येणारी पानं हिरवी आणि आधीच्याच आकाराची निघाली तर काम झालं. उष्ण हवेत हे दोन-तीन आठवड्यांत कळतं, थंडीत दीड-दोन महिनेही लागतात, आणि तेवढ्या काळात दुसरा कोणताही प्रयोग करू नका, नाही तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. दोऱ्याच्या वरचीही पिवळी निघाली तर काडी पुन्हा तळापर्यंत घाला. आणि खोड बुडाशी मऊ लागायला लागलं असेल तर वाट बघू नका, शेंड्याकडच्या टणक फांद्यांची कलमं त्याच दिवशी करून घ्या.